टू-व्हील-ड्राइव्ह रॅली कारचा क्लास ठरतो कसा

सेकंडहँड रॅली कारची जाहिरात बहुतेक वेळा एका ओळीत संपते: ‘१.६ इंजिन, केज, सीट-बेल्ट सगळं आहे, फक्त एन्ट्री भरा आणि पळवा.’ गाडी कोणत्या क्लासमध्ये उतरेल, याचा त्यात पत्ता नसतो. विचारलं तर उत्तर येतं, ‘सोळाशेमध्ये, अजून कशात?’ गडबड इथूनच सुरू होते. डिकीवरच्या बॅजवर काय लिहिलंय याच्याशी स्क्रुटिनीअरला, म्हणजे रॅलीत गाडी तपासणाऱ्या अधिकाऱ्याला, काही देणंघेणं नसतं. तो होमोलोगेशनचा कागद, म्हणजे त्या मॉडेलचे मंजूर भाग आणि मापं नोंदवलेला फॉर्म, मागतो, गाडी त्या कागदाशी ताडून बघतो, आणि जे कागदावर नाही पण गाडीत आहे त्यावर बोट ठेवतो. क्लास ठरतो तो त्या कागदावर.

भारतात राष्ट्रीय स्पर्धेचे क्लास एफएमएससीआय, म्हणजे मोटरस्पोर्टचा राष्ट्रीय महासंघ, आपल्या नियमावलीत देतं. नाशिकची रॅली ऑफ महाराष्ट्र असो की कोइम्बतूरची रॅली, त्या वर्षीची नियमावली आणि तिच्यामागून येणारी बुलेटिन्स हाच शेवटचा शब्द. पण ही सगळी भाषा मुळात एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या अपेंडिक्स जे या तांत्रिक नियमावलीतून आलेली आहे. ते एकदा नीट वाचलं की कुठल्याही देशाची नियमावली अर्ध्या तासात उलगडते.

अपेंडिक्स जे मधली चार कलमं टू-व्हील-ड्राइव्हवाल्याने उशाशी ठेवावीत. २५३ म्हणजे सुरक्षा, ते सगळ्यांना लागू. २५४ म्हणजे ग्रुप एन, २५५ म्हणजे ग्रुप ए, आणि २६० मध्ये आर गट आणि त्यांचे आजचे वारस, रॅली४ आणि रॅली५. कोणत्या कलमाखाली गाडी बांधली आहे, हा पहिला प्रश्न. सीसी त्यानंतर.

एन, ए आणि आर

ग्रुप एन म्हणजे शोरूममधून निघालेली गाडी, जवळपास तशीच. डँपर (शॉक अब्सॉर्बर) बदलता येतात, पण त्यांची संख्या, प्रकार, काम करण्याची पद्धत आणि बसवण्याच्या जागा मूळच्याच हव्यात. स्प्रिंग बदलता येतात, ब्रेकचे पॅड बदलता येतात, सम्प गार्ड (इंजिनाखालचं संरक्षक कवच) लावता येतं. गिअरबॉक्समधली दातेरी चाकं, फायनल ड्राइव्ह, डिफरन्शियल वगैरे मात्र कागदात असेल तेच. ग्रुप ए मध्ये मोकळीक बरीच जास्त आणि खर्चही तसाच. दोन्हींची पूर्वअट एकच: कंपनीने सलग बारा महिन्यांत अशा २५०० एकसारख्या गाड्या बनवलेल्या असल्या पाहिजेत.

आणखी एक अट लोक विसरतात. मालिका उत्पादन बंद झाल्यावर सात वर्षांनी होमोलोगेशन संपतं. म्हणजे कंपनीने मॉडेल कधी बंद केलं, ही तारीख गाडी घेताना माहीत हवी. आपल्याकडे एस्टीम किंवा जुनी सिटी उत्पादन थांबल्यावरही वर्षानुवर्षं रॅलीत दिसायची. राष्ट्रीय महासंघ आपल्या स्पर्धेपुरती जुन्या गाड्यांना अशी मुभा देऊ शकतो. त्या मुभेच्या जोरावर परदेशातल्या एफआयए रॅलीत तीच गाडी उभी करता येत नाही.

२००८ च्या सुमारास एफआयएने आर गट आणले. त्यांची अक्षरं बघून घाबरायला होतं, पण रचना सरळ आहे. आर१ए म्हणजे १३९० सीसीपर्यंत, आर१बी म्हणजे १३९० ते १६००. दोन्ही जवळपास मूळ गाडीसारख्याच. आर२बी म्हणजे तेच १३९० ते १६००, पण सिक्वेन्शियल (क्रमाने एकेक गिअर टाकायचा) गिअरबॉक्स, चांगलं सस्पेन्शन, मोठे ब्रेक. आर२सी १६०० ते २००० साठी. आर३सी म्हणजे दोन लिटरची, टर्बो नसलेली म्हणजे नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड गाडी, जशी रेनो क्लिओ आर३ किंवा होंडा सिव्हिक टाइप-आर. आर३टी म्हणजे १६२० सीसीपर्यंतची टर्बो, जशी सित्रोएन डीएस३. आर३डी डिझेलसाठी. किमान वजनं आर१ए ला ९८० किलो, आर१बी आणि आर२बी ला १०३०, आर२सी आणि आर३सी ला १०८०.

२०१९ पासून एफआयएने ही अक्षरं आवरली आणि रॅली१ ते रॅली५ अशी उतरंड केली. वरच्या तीन पायऱ्या फोर-व्हील-ड्राइव्ह, खालच्या दोन टू-व्हील-ड्राइव्ह. रॅली४ मध्ये नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड इंजिन १३९० ते २००० सीसी चालतं, टर्बो ९२७ ते १३३३. रॅली५ मध्ये नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड १६०० पर्यंत, टर्बो १३३३ पर्यंत. रॅलीच्या निकालपत्रकावर दिसणारे आरसी४ आणि आरसी५ हे वेगळेच आकडे. त्या स्पर्धेतल्या क्लासच्या टोपल्या आहेत, आणि प्रत्येक टोपलीत जुने-नवे बरेच गट पडतात. जुनी प्यूजो २०८ आर२ आणि नवी २०८ रॅली४ दोन्ही आरसी४ मध्येच येतात. टू-व्हील-ड्राइव्हमध्ये आरजीटी नावाचं आणखी एक प्रकरण आहे: अल्पाइन ए११०, अबार्थ १२४, पोर्शे ९११ अशा मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या. त्यांचा खर्च आणि नियम दोन्ही वेगळे, म्हणून इथे बाजूला ठेवतो.

एकाच टोपलीत असण्याचा अर्थ सारखी ताकद असा धरू नका. २०८ आर२ चं १.६ लिटर इंजिन १८५ हॉर्सपॉवर देतं ते ७८०० आरपीएमला, टॉर्क १९० न्यूटन-मीटर. २०८ रॅली४ चं १.२ लिटर तीन सिलिंडरचं टर्बो २०८ हॉर्सपॉवर देतं ५४५० आरपीएमला, आणि टॉर्क २९० न्यूटन-मीटर, तोही ३००० आरपीएमला. कागदावर फरक तेवीस हॉर्सपॉवरचा. हेअरपिनमधून दुसऱ्या गिअरमध्ये बाहेर पडताना फरक शंभर न्यूटन-मीटरचा, आणि वेळ तिथेच जातो. आर२ च्या चालकाला इंजिन सतत वर ओरडत ठेवावं लागतं, एक गिअर चुकला की पुढची सरळ रेष गेली. म्हणून जुनी आर२ स्वस्तात मिळतेय म्हणून घेणाऱ्याने आधी ठरवावं: शिकायला घ्यायची की आरसी४ जिंकायला. शिकायला तिच्याइतकी चांगली गाडी नाही. जिंकायला उशीर झालाय.

टू-व्हील-ड्राइव्ह म्हणजे खालचा क्लास हेही दर वेळी खरं नव्हतं. १९९९ मध्ये फिलिप बुगाल्स्कीने सित्रोएन क्सारा किट कार घेऊन कॅटालुन्या आणि कॉर्सिका या दोन डब्ल्यूआरसी (जागतिक रॅली अजिंक्यपद) रॅल्या थेट एकूण निकालात जिंकल्या. फ्रंट-व्हील-ड्राइव्ह, दोन लिटर, टर्बो नाही. पण डब्ल्यूआरसी गाड्यांपेक्षा ती बरीच हलकी होती, आणि कोरड्या डांबरावर तेवढं पुरलं. त्यानंतर २००१ मध्ये सुपर १६०० गाड्यांची मालिका आली. तिचा पहिला विजेता सित्रोएन सॅक्सो चालवणारा सेबास्टियन लोब होता. पुढे तो नऊ वेळा जागतिक रॅली विजेता झाला, हे सगळ्यांना माहीत आहे.

टर्बोचा गुणक

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. टर्बो इंजिनाची सीसी तशीच धरली जात नाही. तिला गुणकाने गुणतात आणि जो आकडा येतो त्यावर क्लास ठरतो. अपेंडिक्स जे च्या सर्वसाधारण कलमात पेट्रोल टर्बोचा गुणक १.७ आहे, डिझेल टर्बोचा १.५. रॅली४ च्या मर्यादा मात्र वेगळ्या हिशेबाने आखलेल्या आहेत. १३३३ ला १.५ ने गुणा, १९९९.५ येतात. ९२७ ला गुणा, १३९०.५ येतात. म्हणजे या गटात पेट्रोल टर्बोलाही १.५ चाच हिशेब आहे.

याचा परिणाम बघा. फोक्सवॅगनचं ९९९ सीसीचं टर्बो इंजिन घ्या, जे आपल्याकडे पोलोत येत होतं. १.५ ने गुणलं तर १४९९. १.७ ने गुणलं तर १६९८. तीच गाडी, तेच इंजिन, आणि एका नियमावलीत सोळाशेच्या आत, दुसरीत सोळाशेच्या वर. प्यूजोचं १.२ टर्बो ११९९ सीसीचं आहे. १.५ ने १७९९, १.७ ने २०३८. दोन हजारांची रेष ओलांडली. रेनोचं १.३ इंजिन १३३० सीसीचं आहे. १.५ ने १९९५ येतात, म्हणजे दोन हजारांच्या आत, पाच सीसी राखून.

म्हणून नियमावली हातात आली की क्लासचा तक्ता नंतर बघा, गुणकाचं वाक्य आधी शोधा. ते तक्त्याच्या खाली बारीक अक्षरात किंवा ‘सुपरचार्ज्ड इंजिन’ अशा वेगळ्या परिच्छेदात असतं. तिथे गुणक दिलेलाच नसेल, तर आयोजकांना लेखी विचारा. तोंडी उत्तर स्क्रुटिनीच्या दिवशी कामाला येत नाही.

बोअर वाढवला की काय होतं

नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड इंजिनवाल्यांची अडचण वेगळी. धुळीच्या रॅलीत एअर फिल्टरची सील बसली नाही की सिलिंडरवर ओरखडे पडतात, मग मेकॅनिक म्हणतो, ‘बोअर करून घेऊ, ओव्हरसाइझ पिस्टन टाकू.’ ग्रुप ए मध्ये रीबोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास (बोअर) घासून वाढवणं, मूळ बोअरपेक्षा ०.६ मिलिमीटरपर्यंत चालतं. पण त्याच वाक्याच्या शेवटी एक अट आहे: त्यामुळे क्लासची सीसी मर्यादा ओलांडता कामा नये. ते शेपूट कोणी वाचत नाही.

हिशेब करून बघू. सीसी काढायचं सूत्र: बोअरचा वर्ग, गुणिले ०.७८५४, गुणिले स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल), गुणिले सिलिंडरची संख्या; मापं मिलिमीटरमध्ये असतील तर शेवटी भागिले १०००. आपल्या रॅलींमध्ये भरपूर दिसणाऱ्या पोलोच्या १.६ एमपीआय इंजिनचा बोअर ७६.५ मिलिमीटर, स्ट्रोक ८६.९. सूत्रात घाला, १५९८ सीसी येतात. आता ०.२५ ओव्हरसाइझ करा, बोअर ७६.७५ झाला, सीसी १६०८. परवानगीचं पूर्ण ०.६ वापरलं तर बोअर ७७.१ आणि सीसी १६२३. दोन्ही सोळाशेच्या बाहेर. सोळाशेच्या आत राहायचं तर या इंजिनाचा बोअर जास्तीत जास्त ०.०५ मिलिमीटरने वाढवता येतो. एवढ्यात ओरखडा निघत नाही, जेमतेम होनिंग (आतली बारीक घासाई) होतं.

म्हणजे या इंजिनाला रीबोअर हा पर्यायच नाही. ब्लॉक बदलायचा किंवा स्लीव्ह (सिलिंडरच्या आत बसणारी नळी) घालून बोअर पुन्हा ७६.५ वर आणायचा. स्लीव्ह घालायला परवानगी आहे का, हे त्या गटाच्या कलमात आधी बघून घ्या. आणि वापरलेलं इंजिन विकत घेताना हेड उघडून बोअर गेजने माप घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. आधीच्या मालकाने ०.५ चे पिस्टन टाकलेले असतील तर तुम्ही नकळत वरच्या क्लासची गाडी घेतलीत. हे उघड होतं ते रॅली संपल्यावर, पोडियमच्या गाड्यांचं इंजिन उघडतात तेव्हा. त्या वेळी सीसी, व्हॉल्व्हचा व्यास, कॅमची लिफ्ट आणि कॉम्प्रेशन रेशो सगळं कागदाशी ताडतात. कॉम्प्रेशनसाठी चेंबरमध्ये ब्युरेटने द्रव सोडून मोजतात. हेड प्लेन करून घेतलेलं इंजिन इथे सापडतं, कारण हेडचं फेस एक-दोनदा कापलं की चेंबरचं आकारमान कमी होतं आणि रेशो कागदाच्या वर जातो. गास्केट जळल्यावर वर्कशॉपवाला सवयीने हेड प्लेन करतो, किती कापलं ते लिहून ठेवत नाही. ते लिहून घ्या.

वजन आणि ताकद

रॅली४ चा गाभा सीसीत नाही, वजन आणि ताकदीच्या प्रमाणात आहे. एका हॉर्सपॉवरमागे किमान ५.१ किलो. १०८० किलोच्या गाडीला यातून २१२ हॉर्सपॉवरच्या आतलाच आकडा निघतो. फिएस्टा, क्लिओ, कोर्सा, २०८, कुठलीही रॅली४ घ्या, कंपनीने दिलेली ताकद २०८ ते २१२ च्या पट्ट्यात सापडते ती यामुळे. रॅली५ त्याहून सौम्य. क्लिओ रॅली५ मध्ये तेच १.३ टर्बो १८० हॉर्सपॉवरला थांबवलेलं आहे.

गंमत म्हणजे वरच्या पायरीवरची रॅली३ आली तेव्हा तिला हे प्रमाण ५.६ किलो होतं, म्हणजे रॅली४ पेक्षा वाईट. १२१० किलोची गाडी आणि २१५ च्या आसपास हॉर्सपॉवर. तरी मातीवर रॅली३ पुढे जाते, कारण चार चाकं जमीन खणतात. कोरड्या, चिकट डांबरावर चांगला रॅली४ चालक तिला घाम फोडतो.

वजन कसं मोजतात हे माहीत नसलं की नाहक वाद होतो. किमान वजन क्रूशिवाय (चालक आणि सह-चालक सोडून) धरतात, एका स्पेअर व्हीलसह. गाडीत दोन स्पेअर असतील तर वजनाआधी एक काढावं लागतं. क्रूसह मोजायचं तर दोघांचे मिळून १६० किलो धरून रॅली४ ला १२४०. वाद झाला तर क्रूचं साहित्य, हेल्मेटसह, बाहेर काढून मोजतात. वजन कमी भरत असेल तर बॅलस्ट (भरीचं वजन) लावता येतो, पण तो एकसंध ठोकळा हवा, केबिनच्या फ्लोअरवर दिसेल असा, हत्यारांनी घट्ट बसवलेला, आणि स्क्रुटिनीअरला सील लावता येईल असा. डिकीत ठेवलेली वाळूची गोणी, शिशाच्या पट्ट्यांची पिशवी, जास्तीचं टूलकिट, यातलं काही बॅलस्ट म्हणून चालत नाही. आपल्याकडच्या ग्रुप एन गाड्यांना उलट दुखणं असतं: जाड सम्प गार्ड आणि जड केजमुळे गाडी किमान वजनाच्या कितीतरी वर. तिथे वजन कमी करण्याची पहिली जागा सम्प गार्ड. जाड स्टीलच्या पत्र्याऐवजी चांगल्या प्रतीचं अ‍ॅल्युमिनियम, आणि जिथे मार बसतो तिथेच जाडी.

कागद वाचायचा कसा

होमोलोगेशन फॉर्म म्हणजे एक मूळ प्रत आणि तिला वेळोवेळी जोडलेल्या पुरवण्या. मूळ फॉर्मवर ए किंवा एन ने सुरू होणारा क्रमांक असतो. पुरवण्यांची आद्याक्षरं फ्रेंच नावांवरून आलेली आहेत. व्हीएफ म्हणजे दुसऱ्या पुरवठादाराचा तोच भाग, व्हीपी म्हणजे उत्पादनातला बदल, व्हीओ म्हणजे पर्यायी भाग, ईआर म्हणजे छपाईतली दुरुस्ती, ईटी म्हणजे मॉडेलची कायमची सुधारणा, आणि व्हीआर म्हणजे रॅलीसाठीची पुरवणी. २०८ आर२ म्हणजे साध्या २०८ चा मूळ फॉर्म अधिक व्हीआर२ पुरवणी. दोन्ही नसतील तर ती आर२ नाही, केज घातलेली २०८ आहे.

पुरवणीवर तारीख असते आणि त्या तारखेपासूनच तो भाग चालतो. मोठे ब्रेक पुढच्या महिन्याच्या पुरवणीत येणार आहेत म्हणून या महिन्याच्या रॅलीत लावून गेलात तर गाडी बाहेर. आणि व्हीआर मधले भाग जसे आहेत तसेच बसवायचे. ब्रॅकेट घासून हलका करणं, हबला जास्तीचं भोक पाडणं, आर्म वेल्डिंगने मजबूत करणं, कितीही शहाणपणाचं वाटलं तरी नियमबाह्य. मातीच्या रॅलीत लोअर आर्म वाकला आणि सर्व्हिस पार्कमध्ये तो सरळ करून वर पट्टी वेल्ड केली, तर गाडी त्या दिवशी घरी येते, पण पुढच्या तपासणीत अडकते. व्हीआर गाडी घेणाऱ्याने स्पेअर आर्म, हब आणि ड्राइव्हशाफ्टचा खर्च गाडीच्या किमतीतच धरावा.

फॉर्मवर एफआयएचा किंवा राष्ट्रीय महासंघाचा शिक्का अथवा वॉटरमार्क हवा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली पीडीएफ अभ्यासाला ठीक, स्क्रुटिनीला नाही. विकणारा प्रत देत नसेल तर महासंघाकडून मागवा, आणि ती हातात येईपर्यंत टोकन देऊ नका.

चाकांबद्दल एक छोटी गोष्ट, कारण ती फार वेळा घडते. हबच्या मध्यावरून सरळ वर रेष काढली तर टायरचा वरचा भाग फेंडरच्या आत झाकलेला हवा. स्टान्स सुंदर दिसावा म्हणून वेगळ्या ऑफसेटची व्हील लावली की टायर दोन बोटं बाहेर येतो. ओळंबा धरून घरीच बघता येतं.

केज, सीट, बेल्ट

२५३ कलम गटाला विचारत नाही. रॅली५ असो की गावची क्लब रॅली, मापं तीच.

केज म्हणजे गाडी लोळली तर आतल्या दोघांना वाचवणारा पाइपांचा पिंजरा. त्याच्या मुख्य रोलबारचा पाइप ४५ गुणिले २.५ मिलिमीटर किंवा ५० गुणिले २. बाकीचे पाइप ३८ गुणिले २.५ किंवा ४० गुणिले २. पाइप सीमलेस, कोल्ड-ड्रॉन, साध्या कार्बन स्टीलचा, ताणाची क्षमता किमान ३५० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. फॅब्रिकेटरकडे सहज मिळणारा ईआरडब्ल्यू पाइप यात बसत नाही, त्याच्या आत शिवण असते आणि गाडी लोळली की पाइप त्या शिवणीवर उघडू शकतो. वाक घेताना त्रिज्या पाइपच्या व्यासाच्या किमान तिप्पट हवी. वाकाच्या जागी पाइप चपटा झाला असेल तर लहान व्यास भागिले मोठा व्यास हे ०.९ च्या खाली जाता कामा नये. कॅलिपर घेऊन दोन मिनिटांत तपासता येतं. हायड्रॉलिक बेंडरला योग्य डाय नसली की हमखास इथे नापास.

पायांखाली प्लेट ३ मिलिमीटर जाडीची, १२० चौरस सेंटीमीटरची, आणि प्रत्येक पायाला किमान तीन एम८ बोल्ट, ८.८ ग्रेडचे. मागच्या तिरक्या पाइपांना ६० चौरस सेंटीमीटर आणि दोन बोल्ट चालतात. सर्टिफिकेट असलेल्या केजवर नंतर काहीही वेल्ड करू नका, भोक पाडू नका. इंटरकॉमचा ब्रॅकेट किंवा एक्स्टिंग्विशरची पट्टी केजला वेल्ड केली की सर्टिफिकेट रद्द. क्लॅम्प वापरा.

सीटचं एफआयए ८८५५-१९९९ हे मानक असेल तर उत्पादनापासून पाच वर्षं, कंपनीने तपासून मुदत वाढवली तर आणखी दोन. ८८६२-२००९ असेल तर दहा वर्षं. सीटला चार ठिकाणी आधार, किमान ८ मिलिमीटरचे बोल्ट, ब्रॅकेट स्टीलचा असेल तर ३ मिलिमीटर जाड आणि हलक्या मिश्रधातूचा असेल तर ५. बेल्ट ८८५३-२०१६ मानकाचे, लेबलवर छापलेल्या वर्षापर्यंत. मोठा अपघात झाला की मुदत उरलेली असली तरी बदलायचे, कारण पट्टा एकदा ताणला की पुन्हा तसा थांबवत नाही. खांद्याचे पट्टे सीटच्या मागून खाली जाताना आडव्या रेषेशी ४५ अंशांपेक्षा जास्त कोन नको, आणि दहाच्या आत असेल तर उत्तम. ते मागच्या सीटच्या मूळ बोल्टला बांधले की बहुतेक गाड्यांत कोन फार तिरका होतो, आणि धडकेत खांदे खाली दाबले जाऊन सगळा भार मणक्यावर येतो. केजच्या आडव्या पाइपला गुंडाळून बांधणं बरं. दोघांनाही बेल्ट लावलेल्या अवस्थेत हाताला येईल असे दोन बेल्ट-कटर. बसून, बेल्ट ओढून, हात लांब करून बघा. डोळ्यांनी अंदाज घेऊ नका.

बॅटरी केबिनमध्ये आणली असेल तर ती ड्राय हवी आणि फ्लोअरला १० मिलिमीटरच्या बोल्टने धरलेली, खालून ३ मिलिमीटर जाडीची आणि किमान २० चौरस सेंटीमीटरची प्लेट. बाजूच्या काचा लॅमिनेटेड नसतील तर पारदर्शक, रंगहीन फिल्म, जास्तीत जास्त १०० मायक्रॉन. काळी फिल्म लावून आलेल्या गाडीला तिथेच ब्लेड देतात.

शेवटी किल स्विच, कारण नवी बांधलेली गाडी सगळ्यात जास्त इथे पडते. नियम सांगतो की स्विच ओढल्यावर सगळे विद्युत सर्किट तुटले पाहिजेत आणि इंजिनही बंद पडलं पाहिजे. बाहेरून तो विंडस्क्रीनच्या खालच्या कडेजवळ, निळ्या त्रिकोणात लाल ठिणगी, पांढरी कड, पाया किमान १२ सेंटीमीटर. लोक बाजारातला दोन टोकांचा स्विच आणतात आणि बॅटरीची वायर त्यातून नेतात. बॅटरी तुटते, पण चालू इंजिनावर अल्टरनेटर वीज देतच राहतो, इग्निशन आणि ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) ती पुरते, आणि इंजिन आरामात चालत राहतं. म्हणून सहा टोकांचा स्विच लागतो. दोन जाड टोकं बॅटरीला, एक बारीक जोडी इग्निशनचा पुरवठा तोडायला, आणि दुसरी बारीक जोडी अल्टरनेटरची उरलेली वीज ३ ओहम, ११ वॅटच्या रेझिस्टरमधून अर्थकडे न्यायला. रेझिस्टर वगळला तर एखाद्या वेळी अल्टरनेटरचा डायोड किंवा थेट ईसीयू जातो. चाचणी इंजिन थंड असताना, आयडलवर घेऊन उपयोग नाही. सगळे दिवे आणि पंखा लावा, इंजिन ३००० आरपीएमच्या वर धरा, आणि बाहेरची केबल ओढा. दोन सेकंदांत शांत झालं पाहिजे. बाहेरची केबल गंजून अडकते, म्हणून प्रत्येक रॅलीआधी तिला ग्रीस, आणि ओढायचं काम चालकाने नाही, गाडीबाहेर उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाने हातमोजा घालून करायचं.